भावाच्या रिपोर्टमध्ये ‘सीडी ५६ पॉझिटिव्ह’ आलंय, हॉस्पिटल बदलू का?

पत्राचा सारांश (ओळख पटेल असे तपशील काढून) : पश्चिम महाराष्ट्रातल्या एका ताईंनी लिहिलं आहे. वय ३१, शाळेत शिकवतात. धाकटा भाऊ २४ वर्षांचा, पुण्यात नोकरीला. दात घासताना हिरड्यांतून आलेलं रक्त थांबेना, मांड्यांवर काळेनिळे डाग उठले, म्हणून दाखवायला गेला आणि ‘अ‍ॅक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया’ (एपीएल, रक्ताच्या कॅन्सरचा एक प्रकार) निघाला. त्याच रात्री एट्राच्या कॅप्सूल सुरू झाल्या, पाठोपाठ आर्सेनिकचं सलाईन. पत्र लिहिलं तो नववा दिवस. निदानाच्या वेळी पांढऱ्या पेशी ३,२०० आणि प्लेटलेट १९,००० होत्या. आता पांढऱ्या पेशी १४,६०० झाल्या आहेत. फ्लो सायटोमेट्रीच्या (पेशींवरची प्रथिनं ओळखणाऱ्या तपासणीच्या) रिपोर्टमध्ये ‘सीडी ५६ : पॉझिटिव्ह, २७ टक्के’ अशी ओळ आहे. ताईंनी रात्री मोबाइलवर शोधलं, तर ‘सीडी ५६ असेल तर आजार उलटतो’ असं वाचायला मिळालं. त्या विचारतात : ही खूण वाईट आहे, तर जास्त कडक केमो किंवा बोनमॅरो ट्रान्सप्लांटचा आग्रह धरू का? पेशी वाढतायत म्हणजे औषध लागू पडत नाही ना? काका म्हणतात तसं त्याला लगेच मुंबईला हलवू का? आणि आईबाबांना व भावालाही आम्ही ‘रक्तात इन्फेक्शन आहे’ एवढंच सांगितलंय, ते तसंच ठेवू का?

प्रिय ताई,

तुमचं पत्र काल रात्री वाचलं. पत्राबरोबर रिपोर्टच्या तिसऱ्या पानाचा फोटो आहे आणि त्यातल्या एका ओळीभोवती पेनाने दोनदा गोल केलेला आहे. असे रिपोर्ट लिहिणं हेच माझं काम. गेली एकवीस वर्षं मी रक्तविकारांच्या प्रयोगशाळेत बसते. तेव्हा त्या गोलातल्या ओळीबद्दल मी तुमच्याशी अगदी मोकळेपणाने बोलू शकते.

पण त्या ओळीआधी एक तातडीचं. पांढऱ्या पेशी वाढत असताना भावाला ताप आला, दम लागू लागला, उताणं झोपवेना, पायांवर किंवा चेहऱ्यावर सूज दिसली, किंवा दोन-तीन दिवसांत वजन भराभर वाढलं, तर सकाळच्या राउंडची वाट न बघता त्याच क्षणी नर्सना सांगा. रात्रीचे दोन वाजले असले तरी. याला डिफरन्सिएशन सिंड्रोम म्हणतात. एट्रा आणि आर्सेनिक या दोन्हींमुळे तो होऊ शकतो, आणि नुसती शंका आली तरी डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड लगेच सुरू करतात. वेळेत सुरू झालं की बहुतेकांचा त्रास आटोक्यात येतो. त्याचं रोज सकाळी वजन होतंय का, हे उद्याच विचारा.

आता पेशी वाढण्याचं. तुम्ही ‘१४,६०० म्हणजे औषध हरतंय’ असं गृहीत धरलंय, आणि कोणीही धरेल. दुसऱ्या ल्युकेमियात केमो चालू असताना काउंट चढला तर आम्हीही कपाळाला हात लावतो. या आजाराचं गणित वेगळं आहे. यातल्या पेशी प्रोमायलोसाइट नावाच्या अर्ध्या कच्च्या अवस्थेत अडकून पडलेल्या असतात. १५ आणि १७ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन ‘पीएमएल-रारा’ नावाचा एक जोडप्रथिनाचा गोळा तयार होतो आणि तो पेशीला पिकूच देत नाही. एट्रा आणि आर्सेनिक या प्रथिनालाच मोडून काढतात. अडकलेल्या पेशी मग पिकू लागतात, हाडांतल्या मज्जेतून (बोनमॅरोतून) रक्तात उतरतात आणि मग आपलं आयुष्य संपवून मरतात. रक्तात उतरतात तेव्हा काउंट चढतो. इटली आणि जर्मनीतल्या डॉक्टरांनी मिळून केलेल्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ज्या अभ्यासावर आजचे उपचार उभे आहेत, त्यात एट्रा-आर्सेनिक घेणाऱ्या जवळपास निम्म्या रुग्णांचा काउंट उपचार चालू असताना १०,०००च्या वर गेला होता. हायड्रॉक्सियुरियाच्या कॅप्सूल देऊन तो खाली आणतात. तुमच्या भावाला त्या चालू आहेत का, एवढं विचारा. जोखीम ठरवताना बघायचा आकडा मात्र निदानाच्या दिवशीचाच, म्हणजे ३,२००. तो १०,०००च्या आत आहे. या आजारात यापेक्षा मोलाचा आकडा तुमच्या फाइलमध्ये दुसरा नाही, आणि त्याच्याभोवती तुम्ही गोल केलेला नाही!

आता ती ओळ.

रिपोर्ट कसा तयार होतो ते सांगते, म्हणजे ‘पॉझिटिव्ह’ या शब्दाची भीती थोडी उतरेल. कमरेच्या हाडातून काढलेला मज्जेचा दोन-तीन मिलीलीटर नमुना आमच्याकडे येतो. पेशींच्या पृष्ठभागावर वेगवेगळी प्रथिनं असतात, त्यांना सीडी आणि पुढे क्रमांक अशी नावं दिलेली आहेत. प्रत्येक प्रथिनाला नेमकी चिकटणारी अँटिबॉडी आणि तिला जोडलेला चमकणारा रंग, असं मिश्रण आम्ही नमुन्यात घालतो. मग पेशी एकामागोमाग एक, मुंग्यांच्या रांगेसारख्या, लेझरच्या झोतापुढून जातात. जिला रंग चिकटला ती चमकते. पडद्यावर प्रत्येक पेशीचा एक ठिपका उमटतो आणि हजारो ठिपक्यांचे ढग दिसू लागतात. एपीएलचा ढग सरावलेल्या डोळ्याला लांबूनच ओळखू येतो. पेशी दाणेदार असल्यामुळे प्रकाश खूप विखुरला जातो आणि ढग पडद्यावर उंच चढतो. सीडी ३३ झगझगीत. सीडी १३ कुठे गडद, कुठे फिका. सीडी ३४ आणि एचएलए-डीआर जवळजवळ नाहीतच.

आता तुमच्या भावाचा रिपोर्ट परत बघा. सीडी ३३ पॉझिटिव्ह, सीडी ३४ निगेटिव्ह, एचएलए-डीआर निगेटिव्ह. यातलं पॉझिटिव्ह वाईट नाही आणि निगेटिव्ह चांगलं नाही. या तिन्ही मिळून ‘हा एपीएल असावा’ असं सांगतात. पॉझिटिव्हचा अर्थ ‘रंग चिकटला’ इतकाच. कोविडच्या दिवसांत आपण सगळेच त्या शब्दाला घाबरायला शिकलो, त्याची सावली या कागदावर पडू देऊ नका. बरं, फ्लोवर एपीएलसारखा ढग दिसला म्हणून निदान पक्कंही होत नाही. ते पक्कं करतो पीएमएल-राराचा रिपोर्ट, फिश किंवा पीसीआर या जनुकीय तपासणीचा. तो फाइलमध्ये आहे का ते बघा. नसेल तर मागून घ्या.

सीडी ५६ हे प्रथिन एरवी आपल्या शरीरातल्या एनके नावाच्या, संरक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशींवर आणि मज्जातंतूंच्या पेशींवर असतं, पेशींना एकमेकींना चिकटून राहायला मदत करतं. एपीएलच्या थोड्या रुग्णांत ते ल्युकेमियाच्या पेशींवरही दिसतं. तुम्ही मोबाइलवर जे वाचलंत ते खोटं नाही. बहुधा स्पेनमधल्या पेथेमा गटाच्या अभ्यासाचाच तो धागा असावा. २०११ साली त्यांनी ६५१ रुग्णांचा हिशेब मांडला. ७२ जणांत, म्हणजे ११ टक्क्यांत, सीडी ५६ होतं. पाच वर्षांत आजार उलटण्याचं प्रमाण सीडी ५६ असलेल्यांत २२ टक्के, नसलेल्यांत १० टक्के. मज्जेबाहेर, मेंदूच्या आवरणासारख्या ठिकाणी उलटण्याचं प्रमाणही पहिल्या गटात जास्त होतं.

दुपटीहून जास्त. हे वाचून झोप उडाली असणार, मला कळतं. पण दोन गोष्टी त्या शोधात तुम्हाला कोणी सांगितल्या नसतील. एक, वाईट म्हटलेल्या त्या गटातही शंभरातल्या अठ्ठ्याहत्तर जणांचा आजार पाच वर्षांत उलटला नाही. दुसरी त्याहून मोठी. त्या रुग्णांना एट्राबरोबर अँथ्रासायक्लीन गटातली केमो मिळाली होती. आर्सेनिक त्यांच्या पहिल्या उपचारात नव्हतं. तुमच्या भावाच्या हाताला आत्ता जी बाटली लावलेली आहे, ती त्या अभ्यासात नव्हती ताई. मग तिथला २२ हा आकडा त्याच्या नावापुढे कसा लिहायचा?

इथे तुमच्या सगळ्या प्रश्नांच्या मुळाशी असलेल्या समजुतीला मी हात घालते. तुम्हाला वाटतंय की भावाचं भविष्य त्या पेशीवर छापलेलं आहे आणि आम्ही ते लेझरने वाचलं. या आजाराचा इतिहासच ते खोडून काढतो. नॉर्वेच्या लेइफ हिलेस्टाड यांनी १९५७ साली तीन रुग्णांवरून हा आजार वेगळा म्हणून नोंदवला, तेव्हा त्यांनी लिहिलं होतं की यात माणूस काही आठवड्यांतच जातो. अवघ्या ल्युकेमियांत हा सगळ्यात घातक समजला जाई. १९७७ मध्ये शिकागोच्या जॅनेट राउली यांनी १५ आणि १७ गुणसूत्रांची अदलाबदल दाखवली. मग शांघायमध्ये वांग झेनयी यांनी १९८५ साली पाच वर्षांच्या एका मुलीला एट्रा दिलं. एट्रा म्हणजे अ जीवनसत्त्वाच्या घराण्यातलं औषध. ती मुलगी बरी झाली. १९८८ मध्ये त्यांच्या गटाने २४ रुग्णांचा अनुभव छापला. ते सगळे रेमिशनमध्ये, म्हणजे तपासणीत आजार दिसेनासा होण्याच्या अवस्थेत, गेले होते. तिकडे हार्बिनमध्ये झांग टिंगडोंग सत्तरच्या दशकापासून आर्सेनिक वापरत होते.

आर्सेनिक म्हणजे आपला सोमल. जुन्या माणसांना नाव काढलं तरी विष आठवतं, तेच. आपल्याकडे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९९८ ते २००४ या काळात ७२ नव्या रुग्णांना आर्सेनिक हेच मुख्य औषध म्हणून दिलं गेलं. एट्राचा खर्च तेव्हा अनेकांना झेपण्यासारखा नव्हता. ८६ टक्के रुग्ण पूर्ण रेमिशनमध्ये गेले. मग आला तो २०१३ सालचा अभ्यास. निदानाच्या वेळी पांढऱ्या पेशी १०,०००च्या आत असलेल्या रुग्णांत एट्रा आणि आर्सेनिक, केमोशिवाय. दोन वर्षांनी ९७ टक्के रुग्ण आजार न उलटता, कोणताही अडथळा न येता पुढे गेलेले होते. केमोच्या गटात हेच प्रमाण ८६ टक्के होतं.

हिलेस्टाडच्या रुग्णांच्या पेशी आणि तुमच्या भावाच्या पेशी यांत फारसा फरक नाही. त्या काळी कोणी मोजलं असतं तर काहींवर सीडी ५६ही सापडलं असतं. पेशी तीच राहिली, औषध बदललं आणि भविष्य बदललं. पृष्ठभागावरची कुठलीही खूण ‘कोणत्या उपचारांत’ हे सोबत लिहिल्याशिवाय वाचायचीच नसते. मी तरुणपणी हे शिकायला बराच वेळ घेतला, म्हणून तुम्हाला जोर देऊन सांगतेय.

तुमच्यासारखेच आणखी काही वाचक रिपोर्ट हातात घेऊन बसले असतील. त्यांच्यापैकी कोणाच्या कागदावर सीडी ३४ आणि सीडी २ पॉझिटिव्ह असेल. या जोडीचं नातं बहुतेकदा एपीएलच्या बारीक दाण्यांच्या प्रकाराशी आणि सुरुवातीलाच चढलेल्या काउंटशी असतं. जोखीम येते ती मुख्यतः त्या काउंटमधून. तो १०,०००च्या वर असेल तर डॉक्टर सुरुवातीला केमोचं, बहुधा इडारुबिसिनसारखं, किंवा सीडी ३३ला धरून मारा करणारं औषध जोडतात. म्हणजे उपचार ठरतात ते पुन्हा काउंटवरूनच. आजच्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत उपचार ठरवायला सीडी ५६ वापरत नाहीत, सीडी ३४ नाही, सीडी २ही नाही.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर : कडक केमोचा आग्रह धरू नका. ‘वाईट खूण, म्हणून जास्त जहाल औषध’ हे ऐकायला सरळ वाटतं. पण इथे केमो जोडून काउंट आणखी पाडायचे, संसर्गाला दार उघडायचं, आणि हातात काय पडणार हे नक्की नाही. ट्रान्सप्लांट तर पहिल्या रेमिशनमध्ये या आजाराला लागतच नाही. तो आजार उलटल्यावरचा विचार आहे, आणि तिथेही आधी पुन्हा आर्सेनिकच.

आता ज्या प्रथिनाची मला खरी काळजी वाटते ते सांगते, आणि ते तुमच्या रिपोर्टमध्ये नाही. त्याचं नाव अ‍ॅनेक्सिन-२. एपीएलच्या पेशींच्या पृष्ठभागावर ते भरपूर असतं. रक्ताच्या गुठळ्या विरघळवणारी जी यंत्रणा शरीरात असते, तिला ते एका जागी आणून बसवतं आणि कामाला लावतं. शिवाय याच पेशी रक्त गोठवणारं टिश्यू फॅक्टरही सोडतात. एकीकडे गोठण्याचा माल संपतो, दुसरीकडे झालेली गुठळी विरघळते, आणि प्लेटलेट तर आधीच कमी. हिरड्यांतून रक्त, मांडीवरचे डाग हे सगळं तिथून आलं. एट्रा सुरू झालं की ही यंत्रणा शांत व्हायला लागते. त्याच रात्री, पक्क्या रिपोर्टची वाट न बघता, ज्या डॉक्टरांनी एट्रा दिलं त्यांनी तुमच्या भावासाठी सगळ्यात मोठं काम तेव्हाच केलं.

एपीएलमध्ये आज माणूस दगावतो तो बहुतेक पहिल्या महिन्यात, आणि सगळ्यात मोठं कारण मेंदूतला रक्तस्राव. स्वीडनने आपल्या देशातल्या झाडून सगळ्या रुग्णांची नोंद तपासली, तर पहिल्या तीस दिवसांत २९ टक्के गेले होते. हा आकडा तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. तुमचा भाऊ सगळ्यात धोक्याचे पहिले दिवस पार करून नवव्या दिवशी आहे. पण पाच वर्षांनंतरच्या २२ टक्क्यांची काळजी करत रात्र जागवताना, पुढच्या पंधरा दिवसांची काळजी मागे पडायला नको.

मग या पंधरा दिवसांत तुमच्या हातात काय आहे? पुष्कळ आहे.

प्लेटलेट साधारण ३० ते ५० हजारांच्या वर आणि फायब्रिनोजेन (रक्त गोठवणारं प्रथिन) दीडशेच्या आसपास राखायचा डॉक्टरांचा प्रयत्न असतो. त्यासाठी प्लेटलेट आणि क्रायो (दात्याच्या रक्तातून काढलेला, फायब्रिनोजेन असलेला भाग) लागतं, कधी रोज. ब्लड बँकेत आयत्या वेळी धावण्यापेक्षा भावाच्या ऑफिसातल्या आणि खोलीवरच्या मित्रांची आजच यादी करा. एसडीपीसाठी म्हणजे एकाच दात्याकडून मशिनवर प्लेटलेट घेण्यासाठी दात्याच्या शिरा चांगल्या लागतात आणि त्याने आदल्या तीन दिवसांत अ‍ॅस्पिरीन घेतलेली नसावी. प्लेटलेट पाच दिवसच टिकतात, त्यामुळे सगळ्यांना एकाच दिवशी बोलावू नका. एकाआड एक वार लावून द्या. तुम्ही शिक्षिका आहात, वेळापत्रक लावणं तुम्हाला मी काय शिकवणार.

डोकं दुखतंय, नजर धूसर झाली, बोलताना शब्द अडखळला, शौच काळी झाली, लघवी लाल दिसली : यातलं काहीही ‘बघू सकाळी’ म्हणून सोडायचं नाही. एट्रामुळेही डोकं दुखतं, विशेषतः तरुणांत, पण ते ठरवायचं डॉक्टरांनी. ब्रश अगदी मऊ. दाढी नको. दंडात किंवा कमरेत सुई नको. अंगदुखीवर घरची गोळी नको. ओठ फाटतील, कातडी कोरडी पडेल; त्याला साधं व्हॅसलीन पुरतं.

आर्सेनिकचा हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो, म्हणून ठरावीक दिवसांनी ईसीजी काढतात आणि पोटॅशियम चारच्या वर, मॅग्नेशियम १.८च्या वर ठेवतात. उलट्याजुलाब झाले की हे दोन्ही खाली येतात, म्हणून तेही लगेच सांगायचं. बुरशीवरची आणि इतर काही औषधं आर्सेनिकबरोबर घातक ठरू शकतात. दुसऱ्या कुठल्या डॉक्टरांनी काही लिहून दिलं तर आधी या वॉर्डात दाखवा.

तुम्ही पत्रात ओझरतं लिहिलंय की आई डब्याबरोबर काढा पाठवते. आईला दुखवू नका, पण काढा थांबवा. आणि कोणी ओळखीचा ‘सोमलाचंच औषध आहे, आमच्याकडे शुद्ध करून मिळतं’ म्हणाला तर मुळीच भुलू नका. वॉर्डातलं आर्सेनिक वजनावरून मोजलेलं आहे, दर किलोला ०.१५ मिलीग्रॅम, आणि ईसीजीच्या पहाऱ्यात जातं. त्याच्या जोडीला पुडीतलं आणखी किती गेलं, हे कोणालाच सांगता येणार नाही. आईला वेगळं काम द्या. ताजी, नीट शिजवलेली मुगाची खिचडी, सोललेलं केळं. कच्ची कोशिंबीर आणि बाहेरचा रस तेवढा नको.

मुंबईला हलवायचं का? काकांची तळमळ मी समजू शकते. परळच्या टाटा रुग्णालयाचं नाव आपल्याकडे घरोघरी विश्वासाने घेतलं जातं आणि ते योग्यच आहे. पण प्लेटलेट कमी, रक्त गोठण्याची घडी विस्कटलेली, काउंट चढता, अशा मुलाला आत्ता घाटातून अँब्युलन्सने नेणं म्हणजे सगळ्यात नाजूक दिवस रस्त्यात घालवणं. पाच गोष्टी विचारा. इथे रक्तविकारतज्ज्ञ रोज बघतात का? एट्रा आणि आर्सेनिक दोन्ही पुरेसं आहे का? प्लेटलेट आणि क्रायो रात्रीही मिळतं का? रक्त गोठण्याच्या तपासण्या रोज होतात का? आयसीयू याच इमारतीत आहे का? उत्तरं ‘हो’ असतील तर भाऊ आहे तिथेच राहू दे. दुसरं मत हवं असेल तर कागद हलवा, माणूस नको. काकांना फाइल घेऊन मुंबईला जाऊ द्या : मज्जेचा रिपोर्ट, फ्लोचे ठिपक्यांचे आलेख, पीएमएल-रारा, रोजच्या काउंटचा तक्ता. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना सांगून जा. चांगले डॉक्टर यावर रागावत नाहीत.

खर्चाचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण मागे असणारच. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. हॉस्पिटल योजनेत असेल तर तिथल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड आणि आधार घेऊन आजच भेटा. भावाच्या कंपनीचा विमा असेल तर त्याच्या एचआरला कळवायला हवं.

आणि इथेच तुमचा शेवटचा प्रश्न येतो. त्याच्याच कंपनीला कळवायचं आणि त्यालाच सांगायचं नाही, हे कसं जमणार?

काही वर्षांपूर्वी एका मुलाची स्लाइड माझ्यापुढे आली होती. सूक्ष्मदर्शकाखाली पेशींत ऑअर रॉड नावाच्या काड्या असतात, एपीएलमध्ये कधी त्यांची अक्षरशः मोळी बांधलेली दिसते. तशी मोळी दिसली आणि मी खुर्चीतून उठून वॉर्डला फोन केला. उपचार वेळेत सुरू झाले. पण घरच्यांनी त्यालाही ‘इन्फेक्शन’च सांगितलं होतं. सहाव्या दिवशी त्याला दम लागायला लागला. इन्फेक्शन उतरतंय, थोडा थकवा असणार, असं समजून तो रात्रभर उशीला टेकून बसून राहिला. कोणाला उठवलं नाही. सकाळी आयसीयूत न्यावं लागलं. तो वाचला, पण ते बारा दिवस फार जड गेले. नंतर आईला म्हणाला, “मला माहीत असतं तर मी बेल वाजवली असती.”

तुमचा भाऊ २४ वर्षांचा आहे. त्याच्या उशाशी मोबाइल आहे आणि बाटलीवर औषधाचं नाव छापलेलं आहे. मला तर वाटतं त्याला निम्मं कळलेलं आहे आणि तो तुम्हाला सांभाळतोय. शिवाय एट्रा-आर्सेनिकचे उपचार वॉर्डातून बाहेर पडल्यावरही सहा-सात महिने चालतात. आर्सेनिक चार आठवडे घ्यायचं, चार आठवडे थांबायचं, असे चार फेरे. इन्फेक्शनला एवढं कोण घेतं? सोबत या औषधांवर असताना मूल राहू द्यायचं नसतं, तेही त्याच्याशीच बोलायला हवं.

डॉक्टरांना सोबत घ्या, पण पहिलं वाक्य तुम्ही बोला. असं काही : “हे बघ, तुला रक्ताचा कॅन्सर झालाय. आम्ही घाबरलो होतो म्हणून बोललो नाही, चुकलं आमचं. पण हा कॅन्सर त्या सगळ्यांत बरा होणारा म्हणून ओळखतात, आणि तुझं औषध पहिल्याच रात्री सुरू झालंय. आता तुझं एक काम आहे. छातीत, डोक्यात, पोटात काहीही वेगळं वाटलं की बेल वाजवायची.” एवढंच. टक्केवारी त्याने विचारली तर द्या, नाही विचारली तर नको. मग थांबा. तो गप्प बसेल, कदाचित रडेल, कदाचित मॅचचा स्कोअर विचारेल. तिन्ही चालेल.

आईबाबांना त्याच्यानंतर, त्याच्या संमतीने. बाबांना आधी आणि आईला नंतर असं नको, दोघांना एकत्र सांगा, नाहीतर बाबांना घरात नवं खोटं वागवावं लागेल.

सीडी ५६चा प्रश्न टाकून द्या असं मी म्हणत नाही. तो योग्य वेळी विचारा. चार ते सहा आठवड्यांनी मज्जा पुन्हा तपासतील. त्याआधी घाई करू नका, पिकत्या पेशी पाहून उगाच संशय येतो. पुढचे फेरे संपल्यावर पीसीआरने पीएमएल-रारा शोधतील, तो निगेटिव्ह यायला हवा. इथे मात्र निगेटिव्ह म्हणजे खरोखर पेढे वाटण्यासारखं. त्या भेटीत रिपोर्टचं तिसरं पान पुढे ठेवा आणि विचारा, “सीडी ५६ होतं, म्हणून पुढची एक-दोन वर्षं आम्ही कशावर जास्त लक्ष ठेवू?” सतत डोकेदुखी, कानाचा त्रास, अंगावर किंवा कातडीत गाठ, असं काही आलं तर लवकर दाखवा, असं ते सांगतील. त्या ओळीचा आज उपयोग आहे तो इतकाच.

काउंट आणखी दोन-चार दिवस चढू शकतो, त्याची मनाची तयारी ठेवा. उद्या सकाळी वजन, हायड्रॉक्सियुरिया आणि पीएमएल-राराचा रिपोर्ट, या तीन गोष्टी विचारा. आणि नऊ रात्री तुम्ही त्या वॉर्डातल्या बाकावर काढल्या आहेत असं लिहिलंय. आजची रात्र काकांना द्या. मुंबईला जायच्या आधी त्यांनाही काहीतरी करायला मिळेल, आणि उद्या भावाशी बोलायला बसाल तेव्हा तुमची झोप झालेली असेल.